कडजाईच्या वाडीच्या चतुःसीमा

चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीच्या भागास बेट म्हणतात. हे वाक्य मी तिसरीच्या वर्गाकडून तिसऱ्यांदा म्हणवून घेत होतो, मागच्या रांगेतले दोघे नुसतंच तोंड हलवत होते म्हणून छडी उचलली होती, आणि तेवढ्यात दारात माझा थोरला भाऊ महिपतीदादा येऊन उभा राहिला. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पाय गुडघ्यापर्यंत वाळलेल्या गाळाने पांढरे. एप्रिल सरत आलेला, सकाळची शाळा, लोणावळ्याच्या रस्त्याला नुसता फुफाटा, आणि ह्याच्या पायाला गाळ. म्हणजे हा नावेतून आला नव्हता, धरणाच्या पोटातून चालत आला होता. पाणी फारच खाली गेलं असणार. "हौशा, जरा भाईर ये," तो म्हणाला. पोरं फिस्सकन हसली. हौशीराम मास्तरांना कुणी हौशा म्हणतं हे त्यांना नवीन होतं. मी बाहेर गेलो तर त्याने माझं मनगट धरलं आणि इतक्या आनंदाने बोलला की मला वाटलं, घरात नातू झाला. "शिवंचं धोंडं उघडं पडलं, हौशा! टेकडाच्या पायथ्याला. चारी धोंडं. त्येंच्यावरचं तिरसूळ अजून हाताला लागत्यात." मी "असं का" म्हणालो. आत पोरं न सांगता पुन्हा बेटाची व्याख्या म्हणू लागली होती.  इतकी वर्षं मी त्या चार धोंड्यांवर पाणी आहे ह्या भरवशावर जगत होतो.

कडजाईची वाडी कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. नदीच्या वळणावर अठरा घरं होती, करंजाच्या झाडाखाली कडजाईचा शेंदूर फासलेला तांदळा होता, खळ्याच्या डोक्याशी एक आंबा होता, त्याला मोहोर भरपूर आणि फळ कधी नाही, आणि आंब्याखाली बारमाही झरा. एवढाच आमचा इतिहास. वाडीवर कधी स्वारी आली नाही, कुणी राजा पाणी प्यायला थांबला नाही, तसं कुणी सांगितलं असतं तर आम्हीच हसलो असतो. मग विजेच्या कंपनीचं धरण आलं. खोऱ्यातली गावं उठली. ज्यांची सगळी जमीन पाण्याखाली जाणार होती त्यांना आंबीकडे सपाटीवर जमीन मिळाली; ज्यांची काही शिल्लक राहणार होती त्यांना सांगण्यात आलं, तुम्ही शिलकीत राहा. आमची शिल्लक होती. एकसष्ट एकर. सगळा कातळ आणि हिरड्याची झाडं. वाडीने घरांचे वासे, कौलं, पाटे-वरवंटे, कडजाईचा तांदळा, सगळं डोक्यावरून त्या टेकडावर नेलं आणि दोन पावसाळ्यांत टेकडाभोवती पाणी फिरलं. आता मुंबईची मंडळी मोटारीतून येतात, काठावर उभी राहून म्हणतात, काय देखावा आहे! आहेच देखावा. बघणाऱ्याच्या बापाचं काय जातं? अठरा घरांची सात झाली. पावसाळ्यात वारा सुटला की नाव घालता येत नाही, आठ आठ दिवस, कधी पंधरा. गेल्या श्रावणात दादाची थोरली सून शालू अडली, दोन दिवस काठाशी घोंगडीखाली कण्हत पडली, पलीकडे डॉक्टर येऊन थांबला होता, मधे पाऊण मैल पाणी. मूल पोटातच घेऊन गेली. मी तेव्हा लोणावळ्यात दुसरीची तिमाही परीक्षा घेत होतो.

आणि ते टेकाड आमचं नव्हतंच. ते शेजारच्या पल्याडवाडीचं. हे जगात एकट्या मला माहीत होतं.

एकोणीसशे सतरा साली धरणाच्या मोजणीची माणसं आली तेव्हा टेकडावरून दोन्ही वाड्यांत कज्जा होता, पिढीजात, हिरड्यावरून. शिवेचे धोंडे रानात, काट्याकुट्यात कुठे गाडले गेले ते कुणाला धड सांगता येईना. मोजणीदार कंटाळून म्हणाला, तुमच्या रीतीने काय ते ठरवा, मी तसं लिहितो. आमची रीत ढेकळाची. दोन्ही वाड्यांना मान्य असा एक माणूस ओल्या धोतराने उभा राहतो, शेतातलं ढेकूळ त्याच्या डोक्यावर ठेवतात, आणि तो चालतो. तो चालेल ती शीव. त्याला हात लावायचा नाही, हटकायचं नाही, हाक मारायची नाही, कारण चालतो तो माणूस नसतो, भुई असते. जो खोटा चालेल त्याचा वंश ती भुई गिळते. दोन्ही वाड्यांनी मला उभं केलं. मी वीस वर्षांचा, व्हर्नाक्युलर फायनल पास, लग्न होऊन वर्ष झालेलं. पल्याडवाडीचा म्हातारा कोंडाजी म्हणाला, शिकल्यालं पोर हाय, लबाडी करायचं न्हाई. आणि मला शीव माहीत होती. आबांबरोबर गुरं घेऊन जाताना मी ते चारही धोंडे पाहिले होते, त्यांच्यावर बसून भाकरी खाल्ली होती. टेकडाच्या पायथ्याने जायचं, टेकाड डाव्या हाताला बाहेर ठेवायचं. सकाळच्या उन्हात मी निघालो. ढेकूळ ओलं होतं, मातीचं पाणी कपाळावरून डोळ्यात येत होतं, मागून दोन्ही वाड्या चालत होत्या आणि कुणाच्या तोंडून शब्द नाही, नुसती पावलं. पायथ्याशी आलो. तिथे पल्याडवाडीची चार तरणी पोरं वाट अडवून नव्हे, बाजूला बसलेली. त्यांतला एक हळूच म्हणाला, "मास्तर, जपून हां. शेळपटाची मान लचकंल." बाकीचे खिदळले. बस्स, एवढंच. मी डाव्या हाताला वळलो आणि टेकाड चढू लागलो.

का वळलो, ह्याचं उत्तर मी वीस वर्षं शोधतोय. राग होता म्हणावं तर तो राग तिसऱ्या पावलाला गेला होता. चौथ्या पावलाला मला परत फिरता आलं असतं, पण मागे दोन वाड्या होत्या आणि शिकलेला माणूस चुकून वळला असं त्या म्हणाल्या असत्या. म्हणून मी चढलो. वरपर्यंत चढलो आणि पलीकडून उतरलो. मागे कोंडाजी एकदा खोकला, तेवढंच. त्याला संशय आला असेल का? नसेल. मातीची शपथ डोक्यावर घेऊन माणूस खोटं चालेल हे त्याच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. ढेकूळ उतरवल्यावर आमच्या वाडीने मला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. दादाने मला मिठी मारली, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणाला, नाव काढलंस. पल्याडवाडी मान खाली घालून गेली, आणि दोन वर्षांनी, शिल्लक काहीच नाही म्हणून, आंबीला जाऊन बसली. आता त्यांचे भुईमूग बाजारात येतात. कोंडाजीच्या नातवाची सायकल आहे.

पुढच्याच साली मानमोडीच्या तापात आमचा पहिला मुलगा गेला, सात महिन्यांचा. तो ताप घरोघर होता, शिवेचं ढेकूळ त्याला कशाला लागतंय, असं मी स्वतःला समजावलं. दुसरं मेलेलंच जन्मलं. तिसरी मुलगी चार वर्षांची झाली, 'आई, पाणी' म्हणायची, गोरी, माझ्यासारखं कपाळ. तिला घटसर्प झाला. त्यानंतर काही नाही. मी मास्तर माणूस, मुलांना आरोग्याचे धडे शिकवतो, जंतू म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवतो. माझा त्या ढेकळावर विश्वास नाही. दिवसा नाही. मुक्ताबाईने, म्हणजे माझ्या बायकोने, मावळात एकही देव सोडला नाही. बेडशाला तिचं माहेर, तिथल्या भगतापासून सुरुवात केली. सोमवार, चतुर्थ्या, अनवाणी चालणं, मीठ सोडणं. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: आमचं काय चुकलं? कुणी म्हणालं कुलदेवतेचं राहिलंय, कुणी म्हणालं पूर्वजाचं. ती दरवेळी घरी येऊन मला सांगायची, आणि मी वर्तमानपत्राआडून म्हणायचो, "हे सगळं थोतांड आहे." थोतांड! माझी जीभ कशी झडली नाही?

तर दादा आमच्याकडे राहायला आला तो चार दिवसांच्या बेताने. त्याने वडगावच्या कचेरीत अर्ज दिला होता. शिवेचे धोंडे पायथ्याला आहेत, टेकाड मुळात आमचं नव्हे, म्हणजे आमची शिल्लकही नव्हती, तरी आम्हाला आंबीकडे जागा मिळावी. साहेबाने विचारलं होतं, चालणारा जिवंत आहे का? आहे? मग त्याला आणा, वाडीची हकीकत आणि चारी बाजूंच्या खुणा लिहून आणायला सांगा. चालणारा स्वतः चूक झाली म्हणाला, तर धोंड्यांना अर्थ आहे; नाहीतर धोंडा काय, कुणीही रोवतो. सोमवारी साहेब लोणावळ्याच्या बंगल्यावर येणार होता. पाणी चढलं की धोंडे पुन्हा बुडणार, मग कसली चौकशी! "तेवडं चूक झाली म्हन, हौशा," दादा जेवताना म्हणाला. "मानूस चुकतोच की. ल्हान व्हतास तू. डोळ्यात माती गेली आसंल. धाकटी सून पोटुशी हाय, श्रावनात दिस भरत्यात. म्या शालूला बगितली तशी हिला न्हाई बगायचो. त्या आदी मी पाण्यात उडी टाकीन." भाकरी वाढता वाढता मुक्ताचा हात थांबला. तिने विचारलं, "भावजी, ढेकूळ डोक्याव असताना चूक झाली तर चालतीया व्हय?" दादा गडबडला. त्याला लबाडी येत नाही. म्हणाला, "चूक म्हनल्याव चूकच की मुक्ताबाई. भुईला काय कळत न्हाई का, चूक कंची आन पाप कंचं?"  भाकरीचा पापुद्रा काढून तिने त्याला आमटी वाढली.

दुपारी दादा ओसरीवर घोरत होता. मुक्ता तांदूळ निवडत होती, सूप मांडीवर, मान खाली. मी खुर्चीत. एकवीस वर्षांच्या संसारात आम्ही त्या तीन मुलांची नावं एकमेकांसमोर घेत नाही, ते असं ठरवून झालेलं नाही. "अवो," ती म्हणाली, "तुम्ही त्या दिशी बरोबर चालला व्हता ना?" मी म्हणालो, "म्हणजे?" "न्हाई, मला काही नको. तुम्ही बरोबर चालला व्हता येवढं सांगा. मग देवाचं काय असंल ते असंल, मी कुणाला काही इचारायची न्हाई." खडा तिच्या बोटात होता, तो तिने टाकला नव्हता. ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि बघितलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. "बरोबरच चाललो होतो," मी म्हणालो. तिने खडा टाकला. "मंग भावजींना का न्हाई सांगत?" "त्यांची अडचण आहे. चूक झाली म्हणून सांगेन साहेबाला. त्यांचं काम होईल." "म्हंजे खोटं सांगनार?" "हो." ती म्हणाली, "चांगल्यासाठी सांगायचं, तर सांगा." आणि हसली. कितीतरी वर्षांनी हसली. मला इतकं भयंकर वाटलं की मी उठून परसात गेलो आणि उगाच रहाटाचा दोर सोडून परत गुंडाळला.

हकीकत लिहायला बसलो. कागद चांगला आणला होता, टाक नवा. माझं अक्षर वळणदार आहे, त्याची तालुक्यात ख्याती आहे, चुलीत घाला ते अक्षर! पूर्वेस ओढा, त्यापलीकडे सरकारी रान. दक्षिणेस नदीचं पात्र. पश्चिमेस कडजाईचं करंजाचं झाड, हल्ली पाण्याखाली. लिहिता लिहिता मला त्या झाडाखालचा थंडावा पायांना लागला, करंजाची फुलं टाचेखाली चुरडताना होतो तो आवाज आला. आई झऱ्यावरून येताना घागरीचं पाणी माझ्या मानेवर मुद्दाम सांडायची, ते सांडलं. फळ न धरणारा आंबा दिसला. आबा म्हणायचे, हा नुसता मिरवायला हाय. मला वाटलं, मी सगळं लिहू शकतो, झाडाचं पान न् पान, फक्त उत्तर दिशा लिहू शकत नाही. "उत्तरेस" एवढं लिहून मी हात टेकला. शनिवार गेला, रविवार गेला. दादा येऊन कागदाकडे कौतुकाने बघायचा, वाचता येत नाही म्हणून ओळींवरून बोट फिरवायचा. "लय लिवलंस की," म्हणायचा. त्या कोऱ्या जागेवरूनही त्याचं बोट तसंच फिरलं.

सोमवारी बंगल्यावर गेलो. साहेब पुण्याचे, चष्मा, हळू बोलणारे, सज्जन. दुष्ट असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी दादाला सांगितलं, "अर्जदार जरा बाहेर व्हरांड्यात बसा. साक्षीवर कुणाची छाया नको." दार लोटलं. आत मी, साहेब आणि पाठमोरा बसलेला कारकून. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय सांगतो ते दादाला ऐकूच येणार नाही, आणि मुक्ताला तर मी चांगल्यासाठी खोटं बोलणार हे आधीच ठाऊक आहे. म्हणजे सगळी कवाडं उघडी होती. खरं बोलायचं, तेच खोटं म्हणून खपणार होतं. कुणाच्या पदराला काही लागणार नव्हतं. असा दिवस माणसाला एकदाच मिळतो. मी मनात म्हणालो, साहेब, मी खोटा चाललो. चार शब्द. तिसरीतली पोरं म्हणतील असे.

साहेबांनी कागद वाचला. "वा, मास्तर! काय अक्षर आहे! आणि काय रेखाटलंय, मी तिथे उभा आहे असं वाटलं. पण उत्तर बाजू कोरी आहे. सांगा, मी लिहून घेतो." मी घसा साफ केला. ते थांबले, मग कागद खाली ठेवून म्हणाले, "मोकळेपणाने बोलतो. तुमच्या भावाचा अर्ज मी वाचला. पण शिकलेला माणूस, पुन्हा ढेकूळ डोक्यावर, आणि शीव चुकतो? मला ते पटायला जरा जड जातंय. एखादा अडाणी असता तर गोष्ट वेगळी." मला बरं वाटलं. हे लिहिताना लाजेने मान वर होत नाही, पण खरं आहे, बरं वाटलं. आणि त्याच बरं वाटण्यात माझे पाय पुन्हा डाव्या हाताला वळले. "नाही साहेब," मी म्हणालो, "चूक नाही. उत्तरेस टेकडाची पलीकडची उतरण. टेकाड आमच्या हद्दीत. धोंड्यांचं म्हणाल तर ते गुरं बांधायचे असावेत." "त्यांच्यावर त्रिशूळ आहे म्हणतात." "गुराख्यांची कामं, साहेब. बसल्या जागी कोरतात." त्यांनी लिहिलं. टाक दौतीत बुडवून निथळवून लिहिलं, एकही शब्द खोडला नाही. मग म्हणाले, "भाऊ दाराबाहेर बसलेला असतानाही खरं बोललात. असे लोक कमी, मास्तर." मी सही केली. सहीसुद्धा वळणदार आली.

बाहेर दादा पायरीवर उकिडवा बसला होता. मला बघताच उठला. "सांगितलंस?" "सांगितलं." "आयकून घेतलं त्येनी?" "घेतलं. लिहून घेतलं." त्याने डोक्याचं मुंडासं काढून दोन्ही हातांनी तोंड पुसलं, पुसतच राहिला. मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "सुटलो बग. तुज्यामुळं वाडी सुटली." बाजारात त्याने पोरांसाठी गुडदाणी घेतली, सुनेसाठी चोळीचा खण घेतला, खण निवडताना तीनदा मला विचारलं, हिरवा बरा का निळा. मी हिरवा म्हणालो. नाक्याशी येऊन तो निघायला वळला आणि म्हणाला, "उद्यापासनं घर उतरवाया घेतो. कौलं आदी काडतो, मंग वासं. बाकीच्यास्नी पन सांगतो. पाऊस पडायच्या आत समदं पल्याड न्हेलं पायजे." मी म्हणालो, "दादा, एवढी घाई कशाला? कागद येऊ दे आधी." "कागदाचं काय घिऊन बसलास!" तो हसला. "तू सांगितलंस न्हवं?"  तिथे तरी मी खरं बोलायला हवं होतं. तो दहा पावलं गेला, पुन्हा फिरून आला. "आन कागद आला म्हंजे वाचाया तुज्याकडंच घिऊन येतो बग. वाडीत कुनाला येतंय वाचाया?"

"ये घेऊन," मी म्हणालो.